वाटणीतली डिस्क

रुपाली : आधी हे सांगा काका, फॉरमॅट नाही ना केलं कोणी?

रघुनाथ : नाही ताई. बमरोलीच्या एका दुकानात लावली, तर दुकानदार म्हणे डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करावी लागेल. बटन दाबायलाच निघाला होता. मी वायर ओढली.

रुपाली : शहाणपणा केलात. कोरी नाहीये ही. यावर लिनक्स आहे, त्याच्या विंडोजला ते वाचताच येत नाही. मी आता या पेन ड्राइव्हवरून कम्प्युटर चालू केलाय. तुमच्या डिस्कवर एक अक्षर लिहिलं जाणार नाही, नुसतं बघायचं. बेसो तुम्ही, उभे का?

रघुनाथ : लिनक्स-बिनक्स मला समजत नाही. ते सगळं लहाना भाऊ करायचा, गोपाल. मी मशीन चालवायचो, व्यापाऱ्यांकडे जायचो. एम्ब्रॉयडरीचा कारखाना होता आमचा दोघांचा. आता वेगळे झालो. तो कामरेजला गेला.

रुपाली : बरं, यातून हवंय काय? सगळंच का एखादी फाइल?

रघुनाथ : एकच. आमच्या वडिलांनी ग्राफच्या कागदावर एक काठ काढला होता. केळीची पानं आणि मध्ये राघू. माझ्या जयश्रीच्या लग्नाच्या साडीला म्हणून. ती तेव्हा सहावीत होती. कागद वाळवीने खाल्ला, वडीलही गेले. गोपालने त्याचं पंचिंग केलं होतं, मशीनला समजेल असं. ते यात आहे. लग्नाला अठरा दिवस राहिले आणि पोरगी म्हणते, आजोबांचा काठ नसेल तर कोणतीही साडी आणा, मला सारखीच.

रुपाली : काढू. टेन्शन नका घेऊ... काका, दुसरी डिस्क कुठाय?

रघुनाथ : कोणती दुसरी?

रुपाली : याला एलव्हीएम म्हणतात. दोन डिस्क जोडून त्यांची एकच मोठी जागा केलीय. कम्प्युटर म्हणतोय, जोडीतली एक गायब आहे.

रघुनाथ : गायब नाही. गोपालकडे आहे.

रुपाली : त्यांच्याकडे कशी गेली?

रघुनाथ : वाटणीत. आमचे मामा बसले होते मध्ये. मशीन एक त्याला, एक मला. कम्प्युटरच्या डब्यातून दोन डिस्क निघाल्या, तर मामा म्हणाले एकेक घ्या, कटकट नको.

रुपाली : अरे देवा.

रघुनाथ : सारख्याच होत्या हो. मी हातात घेऊन पाहिल्या, वजनही एकच.

रुपाली : वजनाने वाटल्यात होय? थांबा. एक करून बघते. अर्ध्या जोडीवरच उघडायला सांगते... हं. नावं तर आली. ही बघा.

रघुनाथ : ते. खालून तिसरं. ‘जयश्री लग्न काठ’. लावा ते.

रुपाली : नाही उघडत. नाव इकडे राहिलंय, आतला माल तिकडच्या डिस्कवर.

रघुनाथ : तुम्ही शिकलेल्या आहात. आहे त्यातून काढा ना काहीतरी.

रुपाली : जे इथे नाहीच, ते मी कुठून काढू? ती आणा. दोन्ही शेजारी लावते, दहा मिनिटांचं काम. पण तिकडे कोणी फॉरमॅट करून बसलं असेल तर मग हात टेकले. जोडल्याचं त्यांना माहीत होतं का?

रघुनाथ : त्यानेच जोडल्या होत्या.

रुपाली : मग वाटणीच्या वेळी बोलले नाहीत?

रघुनाथ : बोलला. म्हणाला, दादा, या वेगळ्या करू नको, एका जागी राहू दे. मला वाटलं, दोन्ही लाटायला बघतोय. चार माणसांत बोललो त्याला. वडिलांच्या हाताचंही तुलाच पाहिजे का, म्हणालो. मग त्याने एक डिस्क उचलली, खिशात घातली आणि गेला. चुकलंच ताई माझं. आता लाज वाटते.

रुपाली : फोन लावा त्यांना. मी बाहेर थांबते.

रघुनाथ : नको, बसा. वर्ष झालं बोललो नाही. तुम्ही समोर असलात तर मी नीट बोलेन.

(फोन लागतो. स्पीकर चालू आहे. दोघे भाऊ घरच्या अहिराणीत बोलतात.)

रघुनाथ : गोपाल, मी बोली राहिनू.

गोपाल : ...बोल दादा.

रघुनाथ : जेवन जयं का?

गोपाल : जयं. तुन्हं?

रघुनाथ : जयं. ती डिस्क... शे का तुन्हाकडे?

गोपाल : शे ना.

रघुनाथ : फॉरमॅट तं नही करी?

गोपाल : कशी करू? जयश्रीना काठ शे तीमा.

रघुनाथ : माले आज आठे दुकानमा समजनं. तव्हय तू बरोबर बोलना व्हता. मीच नही ते बोलनू तुले.

गोपाल : ऱ्हाऊ दे. लगीन जवळ उनं ना? मामांनी सांगं. कोणतं दुकान शे ते सांग, उद्या सकाळ डिस्क तठे दी जासू.

रघुनाथ : नको. पहिले मी येसू तुन्हा घर. पत्रिका देवाले.

गोपाल : ये. जयश्रीले बी आन. वरीस जयं, देखी नही तिले.