उलट्या चपलेची साक्ष

ऐका तर, लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं, "दारात चप्पल उलटी दिसली की सरळ करायची, न्हायतर घरात भांडण लागतं." त्यामुळं आल्यागेल्याच्या चपलांचे तळ मला पाठ झाले.

आमचे हे वकील. खुनाच्या खटल्यात एका मेंढपाळाची बाजू लढवत होते. खुनाच्या जागी चिखलात उमटलेला टायरच्या चपलेचा ठसा त्याचाच, असं गावातले नाना साक्षीत सांगणार होते.

मी म्हटलं, "अहो, नानांच्या चपलेलाही तीच नक्षी आहे. सगळं गाव कळंबच्या बाजारातून तीच चप्पल आणतं."

धाराशिवच्या कोर्टात यांनी नानांची चप्पल टेबलावर उलटी ठेवायला लावली. हुबेहूब तोच ठसा. मेंढपाळ रडायलाच लागला.

नाना मात्र चप्पल सरळ करायला धावले. "साहेब, उलटी नगं, भांडण लागतंय."

न्यायाधीश म्हणाले, "राहू द्या. इथं भांडणच चालू आहे."