उबेदाचा मुक्काम

—नाही, खोली नाही असं कुठं म्हणाले मी? खोली आहे, गल्लीच्या बाजूची, गार, पलंग ऐसपैस. मी एवढंच विचारलं की बाहेर संत्र्याच्या झाडाखाली बॅगेवर बसलीय ती तुझी बायको ना, आणि तिला आत यायचंय की नाही? तू म्हणालास, येईल. येईल म्हणजे कधी? उन्हाकडे पाठ, तुझ्याकडेही पाठ—यातली उन्हासाठी कुठली नि तुझ्यासाठी कुठली, ते मला इथं गल्ल्यावर बसून कळतंय, तुला कळत नाही? बरं बस. पाणी पी. तुला 'तू' म्हटलेलं चालेल ना? उत्तरेकडचे तुम्ही, बिल्बाओचे, तुमच्यात पहिल्या भेटीत अहो-जाहो करत असतील. आमच्या आन्तेकेरात एवढा धीर कुणाला नसतो. इन्याकी ना तुझं नाव? आणि तिचं? मायते. छान नाव. लग्नाला किती वर्षं झाली? —एवढीच? मग बरोबर आहे, अजून रुसण्यात दम असतो. रुसलेलं माणूस बरं, बाळा. दुसऱ्याला कळावं म्हणून रुसतात, गप्प बसलेल्या माणसाचं तसं काही नसतं.

नकाशा कशाला लपवतोस, ठेव इथं. इतकी वर्षं माझ्या या गल्ल्यावर लोक नकाशेच पसरतायत. आन्तेकेरा म्हणजे सगळ्यांची मधली पायरी—इकडं सेविया, तिकडं ग्रानादा, वर कोर्दोबा, खाली मालागा—जो तो इथनं जातो, थांबत कुणी नाही. थांबला तर गाडी बिघडली म्हणून, नाहीतर बायको बिघडली म्हणून. हसतोस? हस. बघू तुझं—अगोबाई! ही सहल आहे की टपाल वाटायला निघालायस? सकाळी सेविया, दुपारचं जेवण एसिखाला—जुलैत, दुपारी, एसिखाला! अरे, एसिखाला आम्ही तवा म्हणतो, तवा. तिथली माणसंसुद्धा दुपारी खिडक्या लावून गार फरशीवर पडलेली असतात, आणि तू नव्या बायकोला त्या तव्यावर घालून वर विचारणार, भाजी छान झालीय ना? मग कोर्दोबा—कोर्दोबाला चहापुरतं! मी कोर्दोबाची आहे, बरं का, तेव्हा हे मी ऐकलंच नाही असं समजते. मग संध्याकाळी रोंदा, पूल बघायचा, तिथं झोपायचं, आणि सकाळी दार उघडताच ग्रानादाला आल्हाम्ब्राचा राजवाडा. तिकीट काढलंयस? काढलंयस. म्हणजे रोंदाहून कोंबडं आरवायच्या आधी निघणार. मग रोंदाला झोपायचं कशासाठी? पलंग बघायला? तो पैसेवाल्या हॉटेलातला पलंग बघून हात लावायचा आणि निघायचं?

नाही, रागावू नकोस. तू मेहनत केलीयस, दिसतंय की. प्रत्येक ठिकाणाला गोल केलाय, गोलाला बाण काढलाय. आता मला एक सांग, यातला मायतेचा गोल कुठला? —म्हणजे कसं, तिला काय बघायचं होतं? —समुद्र. काबो दे गाताचा समुद्र, एकाच जागी, चार दिवस. आणि तो कुठंय यात? शेवटी, 'वेळ उरला तर'. वा! वेळ उरला तर! राजा, ती अजून बॅगेवर बसलीय याचंच नवल कर, ती बॅग घेऊन स्टेशनवर गेली नाही. आमच्या गावाबाहेर तो मोठा कडा आहे ना, प्रेमिकांचा कडा म्हणतात त्याला, दोघांनी मिळून उडी घेतली होती म्हणे—तिकडं आज नको नेऊस तिला. आज ती तुला एकट्यालाच पुढं करेल.

तुला वाटेल, ही म्हातारी कशाला नाक खुपसते. पण मुक्कामांचं मला कळतं. माझा नवरा टुरिस्ट बसचा ड्रायव्हर. ब्लास. आता घरीच असतो—वर झोपलाय, दुपारची झोप त्याची दगडासारखी—पण सगळा जन्म रस्त्यावर. निवृत्त झाला तरी सवय गेली नाही. रविवारी चर्चला निघायचं तर दारात उभा राहून मोजतो. कुणाला मोजतो? मला! एकटीला! माझ्या बहिणीकडं गेलो, की जेवण झाल्या झाल्या सगळ्यांना सांगतो, 'ज्यांना जाऊन यायचंय त्यांनी जाऊन या, पुढं सोय नाही.' माझी बहीण फुगते, मी हसते. आता हसते. तेव्हा नाही हसले.

तेव्हा म्हणजे, तो मालागाहून परदेशी लोकांना घेऊन फिरायचा—ग्रानादा, कोर्दोबा, सेविया, रोंदा, परत. कंपनी छोटी, मालक त्याचा चुलतभाऊ, कुठं थांबायचं ते ब्लासच ठरवायचा. आणि एका उन्हाळ्यात त्याने मध्येच एक मुक्काम घातला. उबेदा. आता बघ तूच, बोट ठेव नकाशावर—हे ग्रानादा, हे कोर्दोबा. आणि उबेदा कुठं? सापडलं? किती वर! वाटेत आहे का ते? गाव सुंदर आहे, नाही कशाला म्हणू, पण वाटेत आहे का? मी इथं बसून रोज दहा जणांना रस्ते आखून देणारी बाई. मला तू म्हणालास की ग्रानादाहून कोर्दोबाला उबेदावरून जातो, तर मी म्हणेन, बाळा, तिथं तुझं कुणीतरी आहे. मग नवऱ्याबद्दल काय म्हणणार? तेच. माझी नणंद बिसितासिओन, ती तर त्याची सख्खी बहीण, तीच पहिल्यांदा बोलली—फुएन्सांता, तिथं बाई आहे. शपथेवर सांगते, केस लाल असणार, म्हणाली. लाल का, ते तिचं तिला ठाऊक.

मग काय केलं? तिकीट काढलं! त्याच्याच बसचं, ग्रानादाहून. नाव दुसरं दिलं. इथं एक डच बाई उतरली होती, तिचा काळा चष्मा मागून घेतला, हा एवढा, घोड्याला झापडं लावल्यासारखा, डोक्याला रुमाल, आणि जाऊन बसले अगदी शेवटच्या सीटवर. ब्लास तर गाडीत कधी मागं वळून बघतच नाही, नाकासमोर रस्ता. हसू नकोस, ऐक. शेजारी एक जर्मन आजोबा, मला गोळ्या देतायत, माझ्याशी जर्मन बोलतायत, आणि मी मान हलवतेय, कारण तोंड उघडलं तर माझं कोर्दोबाचं बोलणं पुढच्या सीटपर्यंत जाईल! गाईड सांगतोय, हे बघा ऑलिव्हचं झाड. जन्म गेला माझा ऑलिव्हात, आणि मी आपली 'आऽऽ' करून बघतेय. डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून की कशानं, चष्म्याच्या मागं कुणाला दिसतंय.

उबेदाला त्याने सगळ्यांना हॉटेलात घातलं, बॅगा काढून दिल्या, तोंड धुतलं आणि पांढरा शर्ट घालून बाहेर पडला. मीच इस्त्री केलेला पांढरा शर्ट. मी मागं मागं. चौकात एक खानावळ आहे, बाहेर टेबलं मांडलेली असतात, तिथं बसला—दोन खुर्च्यांचं टेबल. मी समोरच्या कमानीत, खांबाआड. म्हटलं, आता येईल. लाल केसांची येऊ दे, काळ्या केसांची येऊ दे, झिंज्या कशा धरायच्या ते मी गाडीतच ठरवून ठेवलं होतं.

कुणी आलं नाही.

खरंच सांगते. त्याने ऑलिव्ह मागवले, मासे मागवले, एक बिअर, सावकाश दुसरी. वर पाकोळ्या किंचाळत फिरत होत्या, त्यांच्याकडं बघत बसला. हात टेबलावर असे उघडे टाकलेले—दिवसभर स्टिअरिंग धरणारे हात, मी त्याचे हात असे मोकळे कधी बघितले नव्हते. घरी आला की नळ दुरुस्त करतो, कुलूप उघडतो, काहीतरी चालूच. आणि तिथं नुसता बसला. दिवे लागले तरी बसलाच. मग उठला, इकडंतिकडं बघितलं एकदा, आणि गेला झोपायला.

आता सांग, काय करायचं? बाई असती तर भांडले असते. हरले असते नाहीतर जिंकले असते. पण नवरा रस्ता वाकडा करून इतक्या लांब जातो आणि तिथं कुणीही नसतं—म्हणजे काय, तर त्याला मी जिथं नाही अशी जागा हवी होती. बाकी काही नाही. तेवढंच. याच्याशी कुणी भांडायचं आणि कसं? सकाळी त्याच्या गाडीत बसले नाही, साधी बस धरली, दर गावाला थांबणारी, खाएनवरून घरी आले, अंगण धुतलं. शनिवारी तो आला, मी पोर्रा केला, आमचं टोमॅटो-पावाचं घट्ट सार, गार, त्यावर अंडं कुस्करून, त्याला आवडतो तसा. विचारलं, कशी झाली सहल? म्हणाला, ऊन होतं. झालं. तेव्हापासून आजतागायत दोघंही त्यावर चकार शब्द बोललो नाही. बिसितासिओनला सांगितलं, आहे एक, केस काळे आहेत. तिला बरं वाटलं.

म्हणून, बाळा, माझ्याकडं जोडपी आली की मी आधी बघते दोघांपैकी कोण बोलायचं थांबलंय. तुझी मायते अजून रुसतेय. बाहेर जा, तिला विचार—सगळे गोल पुसायला नको, तिच्या हातात पेन दे. आल्हाम्ब्राचं तिकीट आहे, ते राहू दे. एसिखा काढ, माणुसकी म्हणून. कोर्दोबाला रात्र घाल, तिथल्या बायका रात्री दारात खुर्च्या टाकून बसतात, तुम्हीही बसा. आणि काय खोडलंस? रोंदा? पूल? स्वतःच्या हातानं? शाब्बास! बिल्बाओचा माणूस स्वतःहून काही खोडतोय असं पहिल्यांदाच बघते मी. पूल पळून नाही जात. ग्रानादाहून सरळ समुद्रावर जा आणि तिथंच पडा, वाळू लागू दे केसांत—

अगंबाई! ब्लास! किती वेळ उभा आहेस जिन्यात? अनवाणी! झोपला नव्हतास? —कुठनं ऐकलंस? मी म्हटलं, कुठनं? एसिखापासून? मग सगळंच ऐकलंस की. बरं, ऐकलंस तर ऐकलंस, हा पोरगा रस्ता विचारत होता, बोलता बोलता निघालं. आणि खरं तेच बोलले, तू नव्हतास का बसला तिथं? —काय? —काय माहीत होतं? —उगाच काहीतरी. चष्मा होता मला, रुमाल होता. आणि तू कधी मागं बघतोस? —आरशात? कुठल्या आरशात?

—ग्रानादापासूनच? म्हणजे मी चढले तेव्हापासूनच? त्या जर्मनाच्या गोळ्या—तेही दिसत होतं?

आणि चौकात? खांबाआडसुद्धा? मग मला हाक का नाही मारलीस, मुलखावेगळ्या माणसा? —हो, आधीच्या वेळी एकटं बसायचं होतं, कळलं, ते कळलं मला. त्याबद्दल नाही विचारत. त्या दिवशीचं विचारतेय. दिवे लागेपर्यंत काय करत होतास तिथं? दोन बिअर घेऊन, एवढा वेळ?

—कुणाची वाट?

ब्लास—

इन्याकी, ही घे किल्ली. डाव्या हाताची खोली. जा तिच्याकडं, आत्ता जा, रस्ता संध्याकाळी काढू. नाही, ओळखपत्र नको, काही नको मला आत्ता. जा म्हटलं ना, बाळा. आणि जाताना दार ओढून घे.