तिळाची खूण

थंडीचे दिवस. नवी पेठेतल्या बेकरीपुढं, घरून आणलेलं भट्टीत भाजून घ्यायला बायकांची रांग होती. माझ्यापुढच्या दोघी बोलत होत्या.

"सोजरबाई, भट्टीत नानकटाई दिलीय व्हय?"

"न्हाय गं. सूनबाईची मॅक्रोनी हाय. मोठाल्या नळ्यांत वाटाणा-बटाटा भरून भाजायची."

"अन् मालक खातील?"

"त्यांनी ताट सारलं तर सून रुसून उद्या माहेरी जाणार. म्हणून त्यांच्या चार नळ्यांत गुपचूप शेंगाचटणी भरलीय."

"ओळखायच्या कशा?"

"वर तीळ लावलेत की. सुनेला पत्ता न्हाय."

बेकरीवाल्यानं भट्टीतून काढलेला सोजरबाईंचा पत्रा पुढं ठेवला.

"मावशी, चारच नळ्यांवर तीळ होते. बरं दिसंना, म्हणून सगळ्यांवर भुरभुरलो."

"सोजरबाई, जेवायला किती वाजता बसताय? मीबी येते."