देवरावची साक्ष

नाई, नाई, मान नको हलवू. ओळखलं ना? देवरावच हाये मी, ऑर्गनवाला देवराव — सहा वर्सांनी आलो, केस गेले, पोट आलं, पन आवाज तर तोच हाये. तू बोलू नको — म्हनजे बोलता येतच नाई तुले, तुया बायकोनं, मीराबाईनं, सांगतलं मले दारातच, भाऊ, लकव्यानं यायची वाचा गेली, उजवी बाजू गेली, पन ऐकू येते सारं. मी म्हनलं, मंग बरंच हाये. चुकलो गा, तिच्यासमोर असं नव्हतं म्हनाचं. पन खरं सांगू का, खुशाल — तुले बोलता येत असतं तर तू मले उंबऱ्याच्या आत घेतलं असतं? नसतंच घेतलं.

बसतो इथी, खाली. सकाळी वडशावरून एसटी पकडली, फाट्यावरून पायी आलो, वाट सारी चिखलाची, सारे लोक भाताच्या रोवन्याले गेलेले. बांधीतल्या एका बाईनं इचारलं, कोनाकडं? म्हनलं, खुशाल तबलेवाल्याकडं. तर ती म्हने, तुम्ही त्यायचे कोन? आता काय सांगू? बावीस वर्सं एका बैठकीत बसलो आपन, तू डावीकडं, मी उजवीकडं — साऱ्या झाडीपट्टीत नाटक लागलं की लोक इचारे, संगीताले तेच दोघं हाये ना? सांगतलं तिले, पाहुना हाये.

तुले कोनी सांगतलं असन, देवराव येशूच्या मागं लागला, वाया गेला. वाया नाई गेलो गा. माई बायको, गुणा, गेली त्या साली काय हाल झाले माये, तू पाह्यले. झोप नाई, जराक डोळा लागला की तिचा खोकला ऐकू ये — घरात कोनी नाई अन् खोकला ऐकू ये — मंग मोहाची दारू, सकाळपासून. राइस मिलच्या मागं टिनाच्या छपरात प्रार्थना होते, दहा-बारा मानसं. त्यायले वाजवाले मानूस पायजे होता म्हनून गेलो मी, बाकी काई नाई. तिथी एका म्हातारीनं डोक्यावर हात ठेवला न म्हने, थकला बाबू तू. एवढंच. मी हमसून हमसून रडलो. घरी येऊन झोपलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो. तेव्हापासून झोप हाये मले, दारूचा थेंब नाई. जे भेटलं ते खरंच भेटलं, खुशाल, अन् अजून हाये. पोरगा प्रवीण ऊर्जानगरले नोकरीच्या क्वार्टरमंधी राह्यते, फोन करते कधी कधी — मी एकाचा भात शिजवतो, दिवसभराचं सारं येशूले सांगतो, दुसरं सांगाले हाये कोन, अन् झोपतो. दर रविवारी उभा राहून साक्ष देतो, की भावांनो, मले शांती भेटली. सारे आमेन म्हनते. पन त्या साक्षीतून एक गोस्ट मी दरवेळी गाळतो.

ती तुले माहीत हाये. नाटकाच्या सीझनचा पयला दिवस, कंपनीच्या हापिसात वाद्यपूजा. तू दरसाली तबल्याले कुंकू लावे अन् त्याच बोटानं माया ऑर्गनले लावे, त्या साली बी लावलं. अन् मी दुपट्ट्यानं पुसलं, साऱ्या कलावंतायसमोर. म्हनलो, तुया बोटाचा इटाळ होते मले. तू तबले उचलले न गेला. लोक समजले, नवा विश्वासी हाये, कडक हाये. पास्टरले समजलं तर ते तोंड पाडून बसले, म्हने, तुले असं कोनी शिकवलं? कोनी शिकवलं? कोनीच नाई. नुसतं "नको गा" म्हनलं असतं तरी तू हात मागं घेतला असता.

पन धर्माचं नव्हतंच ते. हे मी कोनाले सांगतलं नाई, पास्टरले बी नाई. गुणाच्या मातीले तू आला नाई. आरमोरीकडं प्रयोग होता, ऑर्गनवर दुसरा बसवला, पन तबल्याले मानूस भेटला नाई — सारं माहीत हाये मले. तिसऱ्या दिवशी धावत आला तू, मायाजवळ बसून राह्यला, जेवला बी नाई. पन मातीले नाई आला. खांदे कमी नव्हते, तुया नव्हता. तो राग मी वर्सभर आत ठेवला अन् त्या दिवशी येशूच्या नावावर काढला. त्याले पुढं केलं न मी मागं लपलो.

डोळ्यात पानी काऊन येऊन राह्यलं तुया? राग हाये का दुसरं काई, मले समजत नाई गा. हात दाराकडं काऊन करतो? पानी पायजे? मीराबाईले बांधीतून बोलवू? ... मी जाऊ म्हनतो. समजलं. वाटेनं मी ठरवत आलो होतो, खुशाल मले माफ करन, मंग येत्या रविवारी पुरी साक्ष देईन, मन मोकळं होईन. म्हनजे आजबी मी मायासाठीच आलो, पाहा. नको करू माफ. मी मांगत नाई.

जातो. पन थांब — चार वाजले. मीराबाई बांधीत जाताना सांगून गेली, चारले कूस बदलून द्या, नाई तर पाठीले जखमा पडते. ती सहाले येईन, घरात दुसरं कोनी नाई. माया हात चालन? नाई म्हनतो. बरं. पन तुले तसंच टाकून मी कसा जाऊ? असं करतो — तोंड भिंतीकडं करून देतो, मंग मी दिसनार नाई तुले. चालन? पापनी हलवली तू. हलवली, पाह्यलं मी. हं, असा. अंग सोड, सोड, पडू देत नाई. किती हलका झाला गा तू. पाठीमागं उशी लावतो. झालं.

मीराबाई येतपर्यंत बसतो इथीच. आता बोलत नाई.