उलटी टांगलेली कोरफड

— उपटून टाका म्हनता? वा मामा. आंगनात पाय ठेवला, तांब्यातलं घोटभर पानी पेले, अन् पह्यली नजर गेली तं ह्या डाळिंबावर. फळ धरत नाई, जागा अडवते, त्यापेक्षा कोरफडीचे दोन कोंब लावा, पाहाले लागत नाई. आमचा बुढाबी हेच म्हनते. तुमी दोघं व्याही एकाच मास्तराच्या हाताखाली शिकले काय? बसा, बाज सावलीत ओढा. तुमची पोरगी, आमची दुर्गावहिनी, पान्याले गेली. वस्तीची विहीर आटली, आता नाल्यापलीकडून आनाव लागते, वेळ लागन तिले. घरात मी एकटाच. बाकीचे किन्हीराजा गावाले गेले — बैल पाहाले. अन् हे झाड ओळखलं नाई तुमी? तुमचंच हाये ना. कामरगावले तुमच्या न्हानीमांगं मामीनं लावलेलं डाळिंब होतं, त्याच्या बुडाले फुटलेलं हे पिल्लू. तुमच्या पोरीनं लग्नात ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून आनलं, सारी एस.टी. पाहत होती. दुसऱ्या नवऱ्या पेट्या आनतात, हिनं माय मेली तं मायचं झाड आनलं. तुमाले ओळखू आलं नाई. म्हना, कामरगावचं मोठं झाडबी तुमी तोडलंच असन — तोडलं? मले वाटलंच.

फरक पाहा डाळिंबातला अन् कोरफडीतला. औरंगाबादचं कालेज सोडून आलेला हाओ मी, पन डोळे तिथी ठेवून नाई आलो. काढलं नाई मले, मीच सोडलं — दोन वर्षं मास्तर वही वाचून दाखवे अन् आमी लिहून घेत होतो, त्याले शिक्षन म्हनतात तं म्हना. बुढ्यानं तवापासून मलेबी डाळिंबच ठरवलं हाये: पानी पेते, फळ देत नाई. तं कोरफड कशी — तुमाले आवडते तशी. पानी नका देऊ, खत नका देऊ, दगडावर फेकून द्या, जगते. मांगतच नाई काई. पान कापा, चिकट निंगते तेवढं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. जुन्या मानसायले घरात असंच पाहिजे ना, मामा — कापलं तरी हिरवं राहनारं. अन् डाळिंब मांगते. उघडपने मांगते. फुलाच्या टायमाले बुडाशी ओल पाहिजे म्हनते, नाई देली तं सारी फुलं खाली टाकते. लाल फुलाचा सडा पडते इथी, अन् माय तो झाडता झाडता म्हनते, पाहा, ह्या झाडाची सवयच खराब. अरे, भांडे घासल्याचं पानी ह्याले जात होतं, तेच ह्यायनं बंद केलं. काहून? तं म्हने पानी इतक्या दुरून आनाव लागते. आनते कोन? दुर्गावहिनी. बंद करते कोन? आमची माय भागिरथाबाई, बाजेवर बसून.

आता जरा वर पाहा. तुमच्या डोक्यावर नाई, तिकडं, चौकटीवर. काळ्या दोऱ्यानं बांधलेली, मुळं वर, पानं खाली. ओळखता हिले? ही तं ओळखानच — तुमीच आनली होती, पेपरात गुंडाळून. बौद्ध मानसाच्या दारात. आत बाबासायबाचा फोटो, पौर्निमेले बुढा असं मोठ्यानं पंचशील म्हनते का गल्लीतल्या शेळ्या उठून उभ्या राहतात, बावीसच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ — अन् दारात नजरेची कोरफड. मी इचारलं तं म्हनते, देव नाई रे ते, औषधी झाड हाये. औषधी हाये तं पोटात घ्या ना, चौकट कोनाची आजारी हाये? अन् मामा, तुमीच त्या दिवशी ह्याच बाजेवर बसून सांगतलं, उलटी टांगलेली कोरफड फुलली का वर्षाच्या आत त्या घरात पाळना बांधाव लागते. माय पदर दातात धरून ऐकत होती. वहिनी चुलीपाशी होती, तिनंबी ऐकलं.

फुलली ना मंग. गेल्या थंडीत फुलली. दांडा खाली निंगाला अन् वळून वर गेला, नारंगी फुलं आली, मायनं साऱ्या वस्तीत साखर वाटली. मी सांगून राह्यलो होतो — हे फुलनं नाई, हे मरनं हाये. माती नाई, पानी नाई, ते आपल्याच अंगातलं खाऊन फुलते. पानं पाहा आता, उसाच्या चिपाडावानी झाली. पन माह्यं कोन ऐकते. मंग उन्हाळा आला, वहिनीले दिवस गेले नाई, तवा आमच्या बुढ्यानं, देवमनरावायनं, निकाल देला: कोरफडीनं आपलं काम केलं, आता दोष सुनेचाच. समजलं का मामा? तुमच्या हातच्या त्या पानायनं तुमच्याच पोरीवर साक्ष देली. कोरफड नसती फुलली तं बिचारी अजून दोन वर्षं सुटली असती.

डाक्टर? दाखवलं ना. अकोल्याच्या डाक्टरीनबाईनं तपासलं, म्हने पोरगी ठनठनीत हाये, आता नवऱ्याले आना. जानरावभाऊ दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला, तिथी टपरीवर चहा पेला अन् वापस. म्हने मानसाले कायले तपासतात. बैल घेतो तं दात पाहतो, खूर पाहतो, शेपटी उचलून पाहतो, अन् ह्यायचे दात कोनी पाहाचे नाई. बुढ्यानं हे ऐकलं अन् वहिनीलेच बोलला, तू डाक्टरीनले काय शिकवून आली. तिनं भरलेला हंडा उतरवला अन् दुसरा घेऊन गेली. तेवढंच तिचं बोलनं.

— काय? बैल पाहाले मायले कायले नेलं? आता — माय लागते कधी कधी. अन् नवं लुगडं नेसून गेली... खनाचं कापडबी घेतलं... निंगालं माह्या तोंडातून. बैलाले खन कोन नेते, हे तुमाले समजलंच हाये, मंग मले कायले इचारता? पोरगी पाहाले गेले. जानरावसाठी. घ्या. मले तंबी देली होती, कोनी आलं तं बैलच सांगजो. सांगतलं मी बैल, तुमीच खोदून खोदून काढलं. वहिनीले मालूम हाये काय? तिनंच तं सकाळी मायच्या लुगड्याची घडी मोडून देली.

बसा, उठता कुठी. बरं झालं आजच आले. संध्याकाळच्या गाडीनं येतीन ते. तवरक इथीच बसा अन् बुढा आला का एक गोष्ट बोला: पह्यले जावयाले तपासा, अन् माही पोरगी असतानी दुसरी आनली तं मी कोर्टात उभा राहीन. बस. कायद्यानं दुसरी करताच येत नाई, हे बुढ्यालेबी मालूम हाये, पन त्याले वाटते, कोर्टात जाते कोन. मी बोललो तं उडानटप्पू. वहिनी बोलली तं तोंडाळ. तुमी बोलले तं त्याले ऐकाव लागते, चार मानसात तुमाले रामराम करते तो — जयभीम, जयभीम करते, चुकलो. तुमच्याशिवाय तिचं बोलनारं कोनी नाई, मामा. हे मी काई तुमचा मोठेपना म्हनून नाई सांगत.

इकडं या. हे फडकं बांधलं ना फांदीले, वहिनीच्या लुगड्याचं, ते जरा सरकवा. हळू. हाये ना? फळ हाये. एकच, मुठीएवढं. खारीनं खाऊ नये म्हनून तिनं बांधलं. आता इचारा, पानी कोठून आलं. हा दगड पाहा बुडाशी. रोज इथी बसून आंघोळ करतो मी, फुलं लागली तवापासून. बुढा म्हनते रेड्यावानी उघड्यावर बसते. वस्तीतल्या बाया तोंड फिरवून जातात. वहिनीलेबी वाटते, दीर बेशरम हाये. वाटू द्या. सारखं पानी मिळालं अन् धरलं झाडानं. दोष कोनाचा होता मंग? — कायले सांगून राह्यलो मी हे तुमाले. तुमी बोला ना.

असं पिशवीत काय चाचपता?

अजून एक. पेपरात गुंडाळलेली. ही जोरदार हाये, म्हनता. पह्यलीची वेळ चुकली होती, म्हनता. ही टांगा अन् व्याह्याले म्हना, अजून एक वर्ष थांबा. मी म्हनू? अन् तुमी? — गाडी चुकन. बरोबर. गाडी चुकू नये मानसाची. पोरीले भेटालेबी नाई थांबत? तिले वाईट वाटन, म्हनता.

जा, मामा. फाट्यावर गाडी येतच असन. ते फडकं होतं तसं बांधा. नाई, राहू द्या, तुमच्यानं गाठ नाई बसत, मी बांधतो. अन् ही कोरफड उचला. बाजेवर नका ठेवू, दारात नका ठेवू, घेऊन जा, तुमच्या चौकटीवर टांगा. वहिनी आली तं तुमी आलते हे मी सांगत नाई. तांब्या इकडं द्या, धुऊन जागेवर ठेवतो, म्हनजे तिले समजनार नाई. यात पानी हाये अजून अर्धं. — सांडू नका. त्या झाडाचं हाये ते.