बदली रडणारा

मानपाड्याला मृत्यूच्या दाखल्याच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी आणि घानाहून कालच आलेला तिचा मुलगा उभे होते.

"नयन, तुझ्या बॅगेत तो लाकडाचा माणूस कोणाचा रं? डोक्याला हात लावून उभा हाय."

"तिकडच्या लोबी जमातीच्या लोकांचा आहे, आये. तिकडे माझ्यासोबत कामाला एक आहे, त्याने दिला. बाबा गेल्याचं कळलं ना, त्या दिवशी."

"देव हाय?"

"देव नाय, पण ते त्याला जिवंत मानतात. घरातलं दुःख तो अंगावर घेतो. आपल्या वाटणीचं तोच रडतो."

"म्हंजे तू नाय रडलास?"

"सुट्टी नाय मिळाली. त्याला खाटेजवळ ठेवलं आणि शिफ्टला गेलो."

"दोन महिने तो एकटाच रडतोय?"

"तसंच म्हण. आता तुझ्यासाठी आणलाय. तू रोज रडतेस, तब्येत बिघडेल तुझी."

"माझं मी रडीन. मला बदली माणूस नको."

"मग काय करू त्याचं?"

"घरी गेल्यावर पाटावर बसव. त्याच्यापुढं चहा ठेव. परक्याच्या बापासाठी दोन महिने रडलाय बिचारा."

"आणि?"

"आणि सांग त्याला, मी घरी आलोय, आता तू थांब."

खिडकीतून आवाज आला, "मयताचं नाव?"

मुलाने तोंड उघडलं आणि त्याला रडूच फुटलं. नाव शेवटी आईलाच घ्यावं लागलं.