डाव्या डोळ्यातली बांगडी

नाही हो काका, सासूबाईंना इथे डोळ्यांच्या दवाखान्यात आणावं लागलं, त्यात त्या दिव्याचा काही दोष नाही. रिंग लाईट म्हणजे काय, उजेडाची मोठी बांगडी — स्टँडवर उभी करायची आणि मधल्या भोकात कॅमेरा बसवायचा. आमचा मिररलेस, आत आरसाच नसलेला, एवढासा, तळहातावर मावेल असा, म्हणून तर बसतो तिथे. सगळीकडून सारखा उजेड, चेहऱ्यावर सावली म्हणून राहत नाही. आणि मी काय सासूबाईंच्या तोंडात दिवा कोंबते की काय? चांगला दोन हात लांब ठेवते, उजेड निम्म्यावर आणते. तरी नवऱ्याने सकाळी खापर फोडलंच — तुझ्या त्या दिव्यानेच आईचा डोळा गेला म्हणे. गेला म्हणे! डॉक्टरांनी अजून तपासलंही नव्हतं आणि हा बोलून मोकळा.

रफू करतात आमच्या आई. कोटाला भोक पडू दे, स्वेटर उंदराने कुरतडू दे — असं भरून देतात की कुठे फाटलं होतं ते मालकालाही सापडत नाही. त्याचेच व्हिडिओ करतो आम्ही दोघी. मी शूटिंग करायचं, त्यांनी बोलायचं. आणि बोलतात कसल्या! ‘सुई घाबरट असते, तिच्यावर खेकसू नका’ — लोक हसून लोळतात. कॅमेऱ्याचा स्क्रीन पुढे वळतो ना, त्यात स्वतःलाच बघत बसतात. मी ओरडते, आई, भिंगात बघा! तर म्हणतात, भिंगात मी कुठे दिसते?

तर प्रत्येक व्हिडिओवर लावायला एक फोटो लागतो — चेहरा अगदी जवळून, हातात सुई. रिंग लाईट असला की दोन्ही डोळ्यांत त्याची बांगडी उमटते, बारीक, पांढरी. तीच तर मजा, डोळे कसे जिवंत दिसतात. फक्त आईंच्या डाव्या डोळ्यातली जरा — वाकडी यायची. हो, एकाच डोळ्यातली. उजवीकडे बघावं तर गोल गरगरीत, डावीकडे एका बाजूने चेपलेली. मग मी काय करायची, उजव्यातली उचलायची आणि डाव्यात चिकटवायची. कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. वाटलं, पापणीची सावली असेल, भिंगावर धूळ असेल. भिंग पुसलं की हो मी, एकदा सोडून दहादा पुसलं!

काय? दर वेळी? …हो, दर वेळी. असं बघू नका ना काका. नंतर ती बांगडी तुटायलाच लागली, मध्ये पांढुरका ठिपका — तोही काढून टाकला. फोटो छान दिसायला हवा ना. त्या म्हणाल्या होत्या मला, अगं, डावीकडे एका धाग्याचे दोन दिसतात. मी काय केलं? मोठ्या नेढ्याची सुई आणून दिली. वर मीच म्हणाले, बघा, किती काळजी घेते तुमची. शी! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आणि मघाशी डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? तर आई तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले — झाला असेल आठवडा. का म्हणाले, देव जाणे. निघून गेलं तोंडातून. आईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, आठवड्याचंच असेल तर थेंब घालून वाट बघू, जुनं असतं तर आजच्या आज मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं. आईंना थेंब घालायला आत ठेवून मी इथे बाहेर येऊन बसले. थंडी सुरू व्हायच्या आधीपासूनचं आहे हो हे! मूळ फोटो आहेत ना माझ्याकडे, मी हात लावायच्या आधीचे, ह्या फोनमध्येच. हे बघा. हा — आणि हा त्याच्यानंतरचा. दिसतेय ना चेपलेली? बांगडी नव्हती हो वाकडी, डोळाच बिघडत होता. बघा, तुमच्या एका डोळ्याला पट्टी बांधलीय, तरी तुम्हाला दिसली. मला दोन आहेत, धडधाकट.

सांगून टाक म्हणणं सोपं आहे, काका. नवरा काय, दोन दिवस आरडाओरडा करेल आणि गप्प बसेल, त्याचं नाही मला काही. पण सुनेला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं नाही म्हणून त्या गप्प बसल्या — स्वतःच्या डोळ्याचं काय होईल याचा विचारसुद्धा न करता! त्याची इतकी लाज वाटतेय मला, इतकी, की —

आल्या वाटतं. आई, झालं? काय दिलं? थेंबच? घरी जा म्हणाले? …नाही, पर्स नका उचलू. बसा इथे, काकांच्या शेजारी. मी आत जाऊन येते. काय ‘राहू दे गं’? नाही राहू द्यायचं! हात सोडा माझा, आई. सोडा म्हणते ना. काका, यांना जरा बसवून ठेवा, उठू देऊ नका — डॉक्टर! डॉक्टर, आठवडा नाही झालेला. मी खोटं बोलले. हे फोटो बघा आधी.